कारवान आणायचं की पामेरियन?

माझा मावसभाऊ सांगलीत विश्रामबागला फ्लॅटात राहतो आणि त्याचं जतजवळ थोडं रान आहे. पोराला कारवान जातीचं शिकारी कुत्रं हवंय, वहिनीला लाडाचं पामेरियन. आबा पेपरातून डोकं वर न काढता एवढंच म्हणाले, "आधी ते रानात राहणार का दुसऱ्या मजल्यावर, ते ठरवा." हा वाद हल्ली आपल्याकडं बऱ्याच घरांत चालतो. पण शिकारीचं कुत्रं वेगळं आणि लाडाचं वेगळं, ही वाटणी तशी अलीकडची.

साताऱ्याजवळ संगममाहुलीला, कृष्णा-वेण्णेच्या काठी, थोरल्या शाहू महाराजांची समाधी आहे. तिच्याजवळच त्यांच्या खंड्या कुत्र्याचीही समाधी दाखवतात. शिकारीत वाघ समोर आला तेव्हा या कुत्र्यानं महाराजांचा जीव वाचवला, अशी हकिगत सांगतात. पेशवाई बुडाल्यावर साताऱ्याला इंग्रजांचा अधिकारी म्हणून राहिलेल्या ग्रँट डफनंही ती लिहून ठेवलीय. महाराजांनी कुत्र्याला जरीची वस्त्रं आणि दागिने घातले, आपली पगडी त्याच्या डोक्यावर ठेवली, त्याच्या नावानं जहागिरीची सनद काढली, वर पालखीचा मान दिला. डफला हा सगळा वेडाचा प्रकार वाटला. वाटो बापडा. वाघावर जाणारं आणि पालखीत बसणारं कुत्रं तेव्हा एकच होतं, हे त्याच्याच नोंदीतून दिसतं.

आता कारवानाकडं येऊ. जातिवंत कारवान पहिल्यांदा जवळून बघणारा हटकून विचारतो, "याला खायला घालत नाही का?" बरगड्या मोजाव्यात, पोट पाठीला चिकटलेलं, छाती मात्र खोल आणि तोंड निमुळतं. नर खांद्याशी सव्वादोन फुटांच्या पुढं भरतो. तुम्ही समोर उभे असलात तरी ते तुमच्या खांद्यावरून लांब बांधाकडं बघत असतं. त्याची सगळी भिस्त नजरेवर, नाक दुय्यम. ज्वारी निघालेल्या उघड्या रानात ससा हलला की ते सुटतं, आणि भरधाव पळताना एका झेपेत दोनदा चारी पाय जमिनीवरून सुटलेले असतात. मग मालकानं शीळ घालून उपयोग नसतो.

उत्तर-पश्चिमेकडून तांड्यांबरोबर आलं म्हणून कारवान, अशी नावाची उपपत्ती सांगतात. सलुकी आणि ताझी ही तिकडची शिकारी कुत्री त्याची भावकी मानतात. कानाला-शेपटीला झालरीसारखे केस असले तर त्याला पश्मी म्हणायचं. याचं माहेर म्हणजे जतच्या पलीकडं, आता कर्नाटकात असलेलं मुधोळ. तिथले संस्थानिक घोरपडे. 1648 मध्ये शहाजीराजांना पकडण्यात ज्यांचा हात होता, ते बाजी घोरपडे याच घराण्यातले. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मालोजीराव घोरपड्यांनी आसपासच्या शिकारी लोकांकडची कुत्री हेरली, त्यांची पैदास नीट लावली आणि एक जोडी इंग्लंडच्या पाचव्या जॉर्जला भेट दिली. तेव्हापासून मुधोळ हे नाव चालू झालं. कुत्र्यांची नोंद ठेवणाऱ्या दोन संस्थांपैकी एक आजही त्याला 'कॅरव्हान हाउंड' म्हणते, दुसरी 'मुधोळ हाउंड'. पिल्लू विकणाऱ्यांचं यात चांगलं फावतं. 2005 मध्ये टपाल खात्यानं या कुत्र्याचं तिकीट काढलं, पुढं लष्करानं मेरठच्या केंद्रात मुधोळ पिल्लांना शिकवून पाहिलं.

माण-खटाव-आटपाडीकडच्या धनगरांचं कुत्रं हा तिसराच प्रकार. ते सशामागं धावत नाही, मेंढरांच्या वाड्याभोवती बसून लांडग्याची चाहूल घेतं. या वादात त्याला कुणी धरतच नाही.

कारवानाचं काम गेलं ते दोन टप्प्यांत. 1948 च्या सुमारास मुधोळ, जत, सांगली ही संस्थानं विलीन झाली आणि दरबारी शिकारी थांबल्या. गावोगावची सशाची शिकार मात्र चालूच राहिली. मग 1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा आला, आणि 1991 च्या दुरुस्तीनं परवान्यावरची शिकारही बंद झाली. आज कायद्यात शिकारीची जी व्याख्या आहे तिच्यात कुत्री सोडून पाठलाग करणं, हाकारा घालणं आणि नुसता प्रयत्न करणंसुद्धा येतं. "आम्ही कुठं मारलं, कुत्र्यानं धरलं" ही सबब चालत नाही. काम गेलं तरी पाय तेच राहिले, आणि फ्लॅटात अडचण होते ती त्या पायांची.

पामेरियनचं मूळही मांडीवरचं नव्हे. बाल्टिक समुद्राकाठच्या पोमेरेनिया प्रांतावरून त्याला नाव पडलं, पण त्याचे स्पिट्झ पूर्वज चांगले मोठे, राखणीची आणि ओढकामाची कुत्री होती. 1888 मध्ये व्हिक्टोरिया राणीनं फ्लॉरेन्सहून मार्को नावाचा लहान चणीचा कुत्रा आणला आणि बारक्या पामेरियनांची टूम निघाली. आपल्याकडं पामेरियन म्हणून जे पांढरं कुत्रं मिळतं ते बहुतेक वेळा इंडियन स्पिट्झ असतं. 1994 च्या 'हम आपके हैं कौन'मधला टफी त्यातलाच. 2003 मध्ये हच या मोबाइल कंपनीच्या जाहिरातीत पग पोराच्या मागं धावला आणि घराघरांत पग आले. चपट्या नाकामुळं त्याला धाप लागते. जतच्या एप्रिलात त्याचे हाल बघवत नाहीत. आखूड पायांचं डॅशहाउंड तर जर्मनीत बिळातल्या बिज्जूच्या (बॅजरच्या) शिकारीसाठीच घडवलेलं. आमच्या शेजारच्यानं ते 'छोटं आणि शांत' म्हणून आणलं, तर चार दिवसांत तुळशीचं वृंदावन एका अंगानं पोखरून ठेवलं.

मावसभावानं अजून काही ठरवलेलं नाही. शिराळा-कराडकडं उसात बिबट्या असल्यानं तिकडं लहान कुत्रं रात्री अंगणात बांधायची कुणाची छाती होत नाही. जतकडं ती धास्ती कमी, पण रानाला कुंपण नाही आणि बांधापलीकडं ससे आहेत. परवा तो एका ओळखीच्याच्या वस्तीवर मोठं कारवान बघून आला. पहाटे बांधावरून दोन फेऱ्या झाल्यावर ते दिवसभर ओसरीत पडून होतं. अंगावर केस बेताचेच, त्यामुळं दिवस कलला तशी थंडी वाजायला लागली, आणि ते उठून म्हातारीच्या वाकळेत घुसलं. म्हातारीनं शिव्या घातल्या आणि सरकून जागा करून दिली. फोटो वहिनीला पाठवला तर तिचं उत्तर आलं, "केस गळतात का याचे?"