रिपोर्ट नॉर्मल, तरी दुखतं

चिकनगुनियाचा ताप चार-पाच दिवसांत उतरतो, सांधे मात्र महिनोन्‌महिने धरलेले राहतात. पुण्यात धनकवडीला राहणाऱ्या माझ्या मावशीची सकाळी मूठ मिटत नसे. कुकरचं झाकण उघडायला शेजारच्या काकूंना हाक मारावी लागे. एक्स-रे नॉर्मल, रक्त नॉर्मल. 'मनाचं आहे, सवय करून घ्या,' हे तिला दोन ठिकाणी ऐकावं लागलं. ते चूक होतं, हे ठामपणे सांगता येतं, पण विज्ञानालाही तिथवर पोहोचायला वेळ लागला.

सूज आणि वेदना जोडीने येतात, हे पहिल्या शतकात रोमन लेखक सेल्सस याने लिहून ठेवलं होतं. दुवा सापडत नव्हता. १९७१ मध्ये औषधशास्त्रज्ञ जॉन वेन यांनी ॲस्पिरिन प्रोस्टाग्लँडिनला, म्हणजे सूज आणि वेदना वाढवणाऱ्या शरीरातल्या रसायनाला, रोखतं हे दाखवलं. पण प्रोस्टाग्लँडिन तयार करायचा हुकूम कोण देतं?

रोगप्रतिकारक पेशी एकमेकींना प्रथिनांमार्फत निरोप धाडतात. ही प्रथिनं म्हणजे सायटोकाइन. हे नाव १९७४ चं. वेन यांच्याच प्रयोगशाळेत काम केलेले ब्राझीलचे सर्जिओ फरेरा यांनी १९८८ मध्ये सहकाऱ्यांसह उंदरांच्या पंजात इंटरल्यूकिन-१ बीटा हे सायटोकाइन टोचलं. मात्रा अगदी नगण्य, तरी पंजा हळवा झाला. प्रतिकारशक्तीचा निरोप वेदनाही वाढवतो, हे त्यातून दिसलं.

त्याआधी, १९८३ मध्ये, वेदनेचे अभ्यासक क्लिफर्ड वुल्फ यांनी मज्जारज्जूच हळवा होतो हे दाखवलं होतं. नव्वदच्या दशकात लिंडा वॉटकिन्स आणि स्टीव्हन मेयर यांनी तिथल्या ग्लिया पेशींकडे बोट दाखवलं. तोवर मज्जातंतूंना नुसता आधार समजल्या गेलेल्या या पेशी हीच प्रथिनं सोडतात. मूळ इजा भरून आली तरी त्या शांत होतीलच असं नाही. मला या साऱ्या इतिहासात हाच टप्पा सर्वांत मोलाचा वाटतो, कारण एक्स-रेमध्ये यातलं काहीच दिसत नाही.

महाराष्ट्रात चिकनगुनियाची मोठी साथ १९७३ मध्ये बार्शीत आली, मग सुमारे तीन दशकं सामसूम. २००६ मध्ये तो परतला तेव्हा विषाणूचा प्रकार बदलल्याचं पुण्याच्याच राष्ट्रीय विषाणू संस्थेने ओळखलं. पुढे २०११ मध्ये सिंगापूरमधल्या अभ्यासात, सांधेदुखी रेंगाळलेल्या रुग्णांच्या रक्तात इंटरल्यूकिन-६ हे सायटोकाइन वाढलेलं आढळलं.

संधिवातात टीएनएफ या सायटोकाइनला अडवणारी इंजेक्शनं १९९८ पासून मिळू लागली. मात्र हेच प्रथिन क्षयाचे जंतू दाबून ठेवतं. म्हणून आपल्याकडे पहिलं इंजेक्शन देण्याआधी डॉक्टर क्षयाची तपासणी करून घेतात.