थंडीत व्यायाम करताना अंगात काय घडतं?
(आमच्या सकाळच्या मैदानी बॅचसाठी माहितीपत्रक)

थंडी पडायला लागली की आम्हाला दोन प्रश्न हमखास विचारले जातात. ‘एवढ्या गारठ्यात यायचं का?’ आणि ‘घालायचं काय?’ पहिल्याचं उत्तर सोपं आहे: तब्येत धडधाकट असेल तर जरूर या. दुसऱ्याचं जरा लांबतं, म्हणून हे पत्रक.

गार हवेत पाऊल टाकलं की शरीर आधी कातडीकडचा रक्तपुरवठा आवरतं घेतं. तिथल्या बारीक रक्तवाहिन्या आकसतात, रक्त छाती-पोटाकडे वळतं, कारण आतल्या अवयवांना ३७ अंश सेल्सिअसच्या आसपासच राहायचं असतं. बोटं गार पडतात ती यामुळेच. वाहिन्या आकसल्या की रक्तदाब चढतो आणि हृदयाला जास्त जोर लावावा लागतो. आत रक्त वाढलं की मूत्रपिंडं जादा पाणी बाहेर काढू लागतात. थंडीत सारखं लघवीला का होतं, ते यावरून कळेल. त्यात तहानही लागत नाही. तेव्हा तहानेची वाट न बघता अधूनमधून दोन घोट पाणी प्यायचं.

गारठलेला स्नायू सावकाश काम करतो आणि मेंदूचे निरोपही त्याच्यापर्यंत हळू पोचतात. अशा पोटरीला पहिल्याच मिनिटाला जोरात पळवलं तर ती दुखावणारच. थंडीत वॉर्म-अप १० ते १५ मिनिटांचा हवा. (उशीर झाला म्हणून वॉर्म-अप बुडवून थेट धावायला लागणाऱ्यांनी हे वाक्य पुन्हा वाचावं.)

कपडे आणि घाम

व्यायामात खर्च होणाऱ्या ऊर्जेचा जेमतेम पाव भाग हालचालीसाठी लागतो, बाकीची उष्णता होते. म्हणजे दहाएक मिनिटांत तुमच्या अंगातच शेगडी पेटते. म्हणून निघताना थोडी थंडी वाजलीच पाहिजे. दारातच उबदार वाटत असेल तर एक कपडा जास्त झालाय. जाड स्वेटरपेक्षा दोन-तीन पातळ थर बरे, एकेक काढता येतात. आतला थर सुती नको. सुती बनियन घाम पिऊन बसतं आणि लवकर वाळत नाही.

आमच्या मते थंडीतली खरी गडबड धावताना होत नाही, थांबल्यावर होते. पाणी हवेपेक्षा सुमारे २५ पट वेगाने उष्णता वाहून नेतं. धावणं संपतं, शेगडी विझते, पण अंगाला ओला टी-शर्ट तसाच चिकटलेला आणि वर वारा. बॅच सुटल्यावर गप्पा मारत उभे राहिलेले लोक आम्ही रोज बघतो. मघाशी घामाने निथळत असतात. थोड्या वेळाने जॅकेटची चेन लावायला जातात तर बोटांत पट्टीच येत नाही. कोरडा टी-शर्ट सोबत ठेवा. आधी तो बदला, मग गप्पा.

खोकला आणि धाप

आत येणारी हवा श्वासनलिकेला गरम आणि दमट करून घ्यावी लागते. जोरात व्यायाम करताना तोंडाने भराभर श्वास घेतला की आतलं अस्तर कोरडं पडतं आणि काहींच्या श्वासनलिका आकसतात. छातीत घरघर, कोरडा खोकला, बहुधा व्यायाम थांबल्यावर काही मिनिटांत. नाका-तोंडावर मफलर घेतला तर पुष्कळ फरक पडतो. नाक गळणं मात्र साधी गोष्ट आहे, रुमाल आणा.

लगेच सांगा

कुडकुडणं म्हणजे शरीर स्वतःच स्नायू हलवून ऊब तयार करत असतं. पण जीभ जड होणं, पाय अडखळणं, साध्या प्रश्नाला भलतंच उत्तर देणं ही लक्षणं गंभीर. आतलं तापमान ३५ अंशांखाली गेल्यावर असं होतं. अंग गारच असताना कुडकुडणं थांबलं तर ते बरं वाटण्याचं लक्षण नव्हे. अशा माणसाला आडोशाला न्या, ओले कपडे काढून कोरडं पांघरूण घाला, डॉक्टरांना बोलवा. हातपाय चोळू नका, दारू तर मुळीच देऊ नका. तिने कातडीतल्या वाहिन्या उघडतात आणि उरलीसुरली ऊबही निघून जाते.

रक्तदाब, हृदयविकार किंवा दमा असेल, किंवा थंडीत बोटं पांढरीफटक पडत असतील, तर आधी तुमच्या डॉक्टरांना विचारा आणि मग पहिल्याच दिवशी प्रशिक्षकाच्या कानावर घाला. दम्याचा पंप बॅगेत नको, खिशात ठेवा.