गाईड मुंबईत, अभ्यासक कोकणात : पीएच.डी.च्या नियमांची पार्श्वभूमी

सावंतवाडी किंवा देवरुखच्या महाविद्यालयात शिकवणारे कुणी पीएच.डी.ला नोंदणी करते, तेव्हा विषय कोणता याइतकेच गाईड, म्हणजे मार्गदर्शक प्राध्यापक, कुठले याकडे सहकाऱ्यांचे लक्ष असते. कारण गाईड मुंबईचे निघाले, तर पुढची काही वर्षे सुट्ट्यांचा हिशेब त्यावरच बेतावा लागतो.

ही अडचण पदवीच्या घडणीतच आहे. संशोधनावर आधारलेली आजची पीएच.डी. एकोणिसाव्या शतकात, बर्लिनसारख्या जर्मन विद्यापीठांत आकाराला आली. प्राध्यापकाभोवती जमणारे सेमिनार, हाताशी प्रयोगशाळा आणि मोठे ग्रंथालय हे तिने गृहीतच धरले होते. अमेरिकेत येल विद्यापीठाने 1861 साली ती प्रथम दिली, तर ऑक्सफर्डने 1917 साली स्वीकारली. मुंबई विद्यापीठ मात्र 1857 साली लंडनच्या धर्तीवर, मुख्यतः परीक्षा घेण्यासाठी स्थापन झाले. विद्यापीठांनी स्वतः शिकवावे आणि संशोधनाला हातभार लावावा, याला कायद्याने वाट मिळाली ती 1904 साली.

मंडणगड तालुक्यातील आंबडवे हे ज्यांचे मूळ गाव, त्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना कोलंबिया विद्यापीठाची पीएच.डी. 1927 साली रीतसर मिळाली. ब्रिटिश भारतातील प्रांतिक वित्तव्यवस्थेवरचा त्यांचा प्रबंध त्याआधीच, 1925 साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला होता, कारण छापील प्रती दाखल केल्याशिवाय पदवी न देण्याचा तिथला नियम होता. अभ्यास संपणे आणि पदवी हाती पडणे यांत वर्षे जातात, ही तक्रार काही आजची नव्हे.

कोकणात संशोधनाला स्थानिक घर मिळाले ते प्रामुख्याने शेती आणि मत्स्यविज्ञानात. दापोलीचे कृषी विद्यापीठ 1972 साली आणि रत्नागिरीजवळच्या शिरगावचे मत्स्य महाविद्यालय 1981 साली सुरू झाले, त्यामुळे आंब्याच्या बागेवर किंवा खाडीतल्या माशांवर काम करणाऱ्याला अभ्यासाचे साहित्य तरी दाराशी आले. मराठी, इतिहास, वाणिज्य या विषयांच्या अभ्यासकाची धाव मात्र बराच काळ कलिन्याकडेच, म्हणजे मुंबई विद्यापीठाच्या संकुलाकडेच राहिली. सिनॉप्सिसच्या, म्हणजे संशोधनाच्या रूपरेषेच्या प्रती पावसात भिजू नयेत म्हणून प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळायच्या, रात्रीची एसटी धरायची आणि गाईडच्या दाराशी वाट पाहत बसायचे, हे 1998 साली कोकण रेल्वे पूर्णपणे सुरू होईपर्यंत, आणि खरे तर त्यानंतरही, चालू होते.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2009 च्या नियमांनी प्रवेश परीक्षा आणि कोर्सवर्क, म्हणजे संशोधनाआधीचा वर्गातला अभ्यासक्रम, बंधनकारक केले. दर्जासाठी ते आवश्यकच होते, पण पूर्णवेळ नोकरी सांभाळणाऱ्या दूरच्या शिक्षकाला त्याचा जाच अधिक झाला, असे माझे मत आहे. त्यानंतर 2016 आणि 2022 साली नियम पुन्हा बदलले. सध्या किमान मुदत कोर्सवर्कसह 3 वर्षे आहे. कोर्सवर्क किमान 12 क्रेडिटचे असते. प्रत्येक सत्रात संशोधन सल्लागार समितीसमोर प्रगती मांडावी लागते. आणि प्राध्यापकाला एका वेळी 8, सहयोगी प्राध्यापकाला 6, तर सहायक प्राध्यापकाला 4 विद्यार्थीच घेता येतात. गाईड मिळण्यासाठीची रांग लांबते ती बरीचशी या मर्यादेमुळे. नोकरी सांभाळून अर्धवेळ पीएच.डी. करण्याची मुभा 2022 च्या नियमांत आहे; त्यासाठी संस्थेचे ना हरकत प्रमाणपत्र जोडावे लागते.

प्रबंधाची संगणकीय प्रत आता 'शोधगंगा' या ऑनलाइन भांडारात जाते, त्यामुळे दुसऱ्याचे काम चाळण्यासाठी मुंबईच्या ग्रंथालयाची फेरी उरलेली नाही. सत्रागणिक समितीसमोर बसण्यासाठीची फेरी मात्र पुष्कळांना अजून चुकलेली नाही.