सेकंडहँड ऑटोफोकस फिल्म कॅमेरा : बेळगाव सीमाभागातील खरेदी व वापर

रोल भरून फोटो काढणारा, पण फोकस स्वतःच लावणारा कॅमेरा. १९७७ पासून पुढे सुमारे तीस वर्षे असे कॅमेरे जगभर लाखोंनी खपले. डिजिटल आल्यावर ते कपाटात गेले आणि आता बहुतेक जुन्या बाजारातूनच हाती येतात. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, हुक्केरी, अथणी या पट्ट्यात असा कॅमेरा घेताना कंपनीच्या नावाला फारसा अर्थ नाही. तो कोणत्या सेलवर चालतो आणि आजवरचे पावसाळे त्याने कुठे काढले, हे आधी विचारावे. बाकीची चौकशी नंतर.

पूर्वपीठिका

कोनिका सी३५ एएफ (१९७७) हा मोठ्या प्रमाणावर तयार झालेला पहिला ऑटोफोकस कॅमेरा. त्यातली यंत्रणा हनीवेल या अमेरिकी कंपनीची होती. कॅननच्या एएफ३५एमने (१९७९) अवरक्त किरण सोडून अंतर मोजायला सुरुवात केली. एसएलआरमध्ये (आरशातून दृश्य दाखवणारा, लेन्स बदलता येणारा कॅमेरा) पेंटॅक्सने १९८१ मध्ये एमई-एफ आणला, पण तो चालला नाही. गाडी रुळावर आली ती १९८५ च्या मिनोल्टा ७००० मुळे. त्यात फोकसची मोटार बॉडीतच होती. हनीवेलने पेटंटचा खटला भरला आणि १९९२ मध्ये मिनोल्टाला १२ कोटी ७६ लाख डॉलर मोजावे लागले. निकॉनने एफ-५०१ (१९८६) काढताना जुना माउंट (बॉडीवर लेन्स बसवायची खाच) कायम ठेवला. कॅननने ईओएस ६५० (१९८७) काढताना तो सोडूनच दिला आणि मोटार प्रत्येक लेन्समध्ये बसवली. जुन्या लेन्सा घेऊन बसलेल्या ग्राहकांना तेव्हा ते झोंबलेच असणार. आज मात्र सेकंडहँड घेणाऱ्याची त्यामुळे सोय झाली आहे, कारण ईओएससाठीची कोणतीही ईएफ लेन्स कोणत्याही ईओएस फिल्म बॉडीवर चालते.

आपल्याकडे त्या काळात घराघरात दिसायचे ते याशिका एमएफ-२ किंवा कोडॅक केबी-१०. दोन्हींत फोकस कायमचा ठरलेला. लग्नाचे फोटोग्राफर बहुतेक मॅन्युअल बॉड्यांवरच काम करत. म्हणून आज इथे ऑटोफोकस कॅमेरा सापडतो तो बहुधा कोणीतरी आखातातून आणलेला किंवा हौसेने घेतलेला असतो. शटर कमी वेळा पडलेले, पण वर्षानुवर्षे शोकेसमध्ये. वापर कमी म्हणजे माल चांगला, हा हिशेब इथे लागू पडत नाही.

फोकस कसा लागतो आणि कुठे फसतो

एसएलआरमध्ये मुख्य आरशाचा मधला भाग अर्धपारदर्शक असतो. त्यातून गेलेला प्रकाश मागच्या छोट्या आरशावरून खाली, कॅमेऱ्याच्या तळाशी असलेल्या सेन्सरवर जातो. लेन्सच्या दोन कडांतून आलेल्या दोन प्रतिमा तिथे ताडून पाहिल्या जातात आणि लेन्स कुठल्या बाजूला, किती फिरवायची ते एका दमात कळते. १९८० च्या दशकातल्या बॉड्यांत (मिनोल्टा ७०००, एफ-५०१, एफ-८०१, ईओएस ६५०) असा एकच सेन्सर, तोही आडवा. त्याला उभ्या रेषा कळतात, आडव्या कळत नाहीत. बेळगावातल्या वडगाव-शहापुरात विणकरांच्या मागावर ताणलेले धागे समोर आडवे आले की लेन्स पुढे-मागे घरघरत राहते. कॅमेरा उभा धरला की फोकस चटकन बसतो. कॅमेरा बिघडलेला नसतो, त्याला दिसत नसते.

उजेड कमी पडला तरी तीच गत. बेळगाव किल्ल्यातल्या कमल बस्तीत (१२०४) छताला लोंबणारे दगडी कमळ हे या बाबतीत चांगले परीक्षाकेंद्र आहे. काळसर दगड, बाहेरच्या उन्हातून आत येताच डोळ्यांपुढे अंधार, आणि पाकळ्यांच्या गुळगुळीत भागावर धरायला कडच नाही. दारातून आलेला उजेड ज्या पाकळीच्या कडेवर पडला असेल तिथे मधली चौकट न्यावी, बटण अर्धे दाबून फोकस धरावा, मग फ्रेम बसवून पूर्ण दाबावे. गोकाक धबधब्याच्या नुसत्या पांढऱ्या पाण्यावरही फोकस लागत नाही, तिथे बाजूचा खडक धरावा. चोर्ल्याच्या किंवा आंबोलीच्या धुक्यात सरळ मॅन्युअलवर जावे.

कॉम्पॅक्टची, म्हणजे लेन्स न निघणाऱ्या छोट्या कॅमेऱ्याची, तऱ्हा वेगळी. तो बहुधा अवरक्त किरण मध्यावर सोडतो. नवरा-नवरी शेजारी उभे असले आणि मध्ये थोडी फट असली, तर मागची भिंत स्वच्छ येते आणि ती दोघे पुसट. एसटीच्या बंद काचेतून बाहेरचा फोटो काढतानाही काच त्याला चकवू शकते. नवरा-नवरीच्या फोटोला उपाय तोच, एकावर चौकट नेऊन बटण अर्धे दाबणे. घरातल्या इतरांच्या हाती कॅमेरा देताना हे एवढे शिकवले तरी पुरे.

सेल

किराणा दुकानात मिळणाऱ्या पेन्सिल सेलवर चालणारी बॉडी घ्यावी, हे या भागासाठी सगळ्यात कामाचे मत. निकॉनचे एफ-८०१ (१९८८), एफ९० (१९९२) आणि एफ१०० चार पेन्सिल सेलवर चालतात. मिनोल्टा ७००० त्याहून बारीक चार सेलवर चालतो, वेगळा होल्डर असल्यास पेन्सिल सेलवरही. याउलट ईओएस ६५०, १००० आणि ५ या बॉड्यांना २सीआर५ हा ठोकळ्यासारखा लिथियम सेल लागतो, ईओएस ५०० आणि निकॉन एफ८० ला सीआर१२३ए दोन, तर ईओएस ३०० ला सीआर२ दोन. हे सेल मिळत नाहीत असे नाही, पण बहुतेक वेळा मागवावे लागतात. सेल संपला की यातला कोणताही कॅमेरा जागचा हलत नाही. शटर पडत नाही, रोल पुढे जात नाही, गुंडाळलाही जात नाही. शिवजयंतीच्या चित्ररथ मिरवणुकीत रात्री अकरा वाजता २सीआर५ कुठून आणणार? पेन्सिल सेल तिथल्या पानपट्टीवरही मिळतो.

पाऊस आणि बुरशी

सीमाभाग हवामानाने एकसारखा नाही. खानापूर, कणकुंबी, जांबोटीकडे पाऊस कोसळतो आणि जून ते सप्टेंबर घरातली हवा दमट राहते. अथणीकडे कोरडे आणि धूळ. पश्चिमेकडच्या कॅमेऱ्यात पहिला संशय बुरशीचा घ्यावा. लेन्स काढून मागून मोबाइलचा टॉर्च तिरका मारावा. कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक धागे दिसले तर माल परत ठेवावा. थोडी धूळ असेल तर काही बिघडत नाही. मात्र पाहताना लेन्सचे छिद्र पूर्ण उघडे हवे. ईएफ लेन्स काढल्यावर उघडीच राहते, निकॉनच्या लेन्सची मागची दांडी बोटाने सरकवावी लागते. छिद्र मिटलेले असताना काच नेहमीच स्वच्छ वाटते आणि विकणाऱ्यालाही ते ठाऊक असते.

घरी आणल्यावर चामड्याचे जुने कव्हर आधी फेकावे, ते ओल धरून ठेवते. घट्ट झाकणाचा डबा, आत रंग बदलणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या आणि एक छोटे आर्द्रतामापक एवढे पुरते. आकडा ४० ते ५० टक्क्यांच्या आसपास असावा. पुड्यांचा रंग पालटला की गरम करून पुन्हा वापराव्यात. तांदळाच्या डब्यात कॅमेरा ठेवण्याचा सल्ला अजून फिरतो. त्याने ओल फारशी जात नाही, कण मात्र आत शिरतात.

हातात घेऊन तपासणी

झाकण उघडून रोल न घालता शटर दहा-पंधरा वेळा मारावे, एक सेकंदावर आणि एक हजारांश सेकंदावरही. ईओएस ६२०, ६५०, ६०० या पिढीत शटरच्या पात्यांना थोपवणारा मऊ तुकडा वर्षांनी विरघळतो आणि काळा चिकट रस पात्यांवर येतो. मग पाती चिकटतात आणि निगेटिव्ह अर्धी किंवा पूर्ण कोरी निघते. पात्यांवर काळा डाग दिसला की भाव पाडावा किंवा उठावे. ईओएस ५ ची मोडची चकती तुटते. एफ९० आणि एफ८० च्या पाठीवरचे रबर हाताला चिकटते, पण ते दिसायलाच वाईट, फोटोला त्याचा त्रास नाही. मिनोल्टा ७००० च्या पडद्यावर शाई पसरल्यासारखे काळे डाग येतात. पेंटॅक्सच्या एमझेड मालिकेत आरसा उचलणारे प्लॅस्टिकचे चाक तडकते आणि आरसा वर अडकून बसतो. सेलच्या कप्प्यात हिरवट-पांढरे क्षार आहेत का तेही पाहावे.

जुना खराब रोल खिशात घेऊन जाणे उत्तम. तो भरला, पुढे गेला, शेवटी आपोआप गुंडाळला गेला, म्हणजे निम्मी परीक्षा झाली. ईओएस ५०० आणि ३०० आधी सगळा रोल बाहेर काढून घेतात आणि एकेक फोटो डबीत परत ओढतात. झाकण चुकून उघडले तरी काढलेले फोटो वाचतात.

दुरुस्तीची आशा फार धरू नये. जुनी यांत्रिक बॉडी एखादा म्हातारा कारागीर खोलून चालू करतो, पण या कॅमेऱ्यांची सर्किटे नवी मिळत नाहीत. दोन बंद बॉड्यांतून एक चालू, एवढेच होते. कॉम्पॅक्ट तर घरी खोलूच नये. फ्लॅशच्या कपॅसिटरमध्ये सुमारे तीनशे व्होल्ट साठलेले असतात आणि सेल काढल्यावरही झटका बसतो.

पैसे बॉडीपेक्षा लेन्सला द्यावेत. सोबत येणारी ३५-८० किंवा २८-८० ची प्लॅस्टिक झूम असून नसल्यासारखी. ५० मिमी एफ/१.८ मिळाली तर चार पैसे जास्त गेले तरी चालतील. निकॉनमध्ये एक मेख आहे. एफ-५०१ आणि एफ-८०१ वर एएफ-एस (आत स्वतःची मोटार असलेल्या) लेन्सचा ऑटोफोकस चालत नाही, आणि छिद्राची कडी नसलेल्या जी लेन्सचा उपयोग अर्धवट होतो. डिजिटल निकॉनच्या फुल-फ्रेम लेन्सा घरात असतील तर एफ८० किंवा एफ१०० बघावा. डीएक्स आणि ईएफ-एस या लहान सेन्सरच्या डिजिटल कॅमेऱ्यांसाठीच्या लेन्सांचा इथे उपयोग नाही.

व्यवहार बेळगावात होतो, नाहीतर कोल्हापूर किंवा हुबळीत. त्यामुळे ‘कितीला?’ आणि ‘एष्टु?’ दोन्ही विचारता आले पाहिजे. हुबळीचा विक्रेता फोनवर मराठी समजून घेतो, पण घासाघीस कन्नडमधूनच लवकर सुटते. एपीएस या नेहमीपेक्षा छोट्या, वेगळ्या रोलचे कॅमेरे (कोडॅक ॲडव्हांटिक्स, पहिले कॅनन इक्सस) कितीही स्वस्त मिळाले तरी घेऊ नयेत. तो रोल बनणेच २०११ मध्ये बंद झाले.

रोल आणि धुलाई

पावसाळी उजेडासाठी ४०० आयएसओ (फिल्मची उजेड टिपण्याची क्षमता), उन्हाळ्यात २०० पुरतो. हे कॅमेरे डबीवरच्या चौकोनी ठशांचा डीएक्स कोड (१९८३ पासून; डीएक्स लेन्सशी संबंध नाही) वाचून आयएसओ ठरवतात. सुटी फिल्म जुन्या डबीत भरून विकलेले स्वस्त रोल घेतले तर डबीवरचा कोड आतल्या फिल्मशी जुळतो का ते पाहावे. कोड नसल्यास अनेक कॉम्पॅक्ट १०० धरून चालतात. सिनेमाची फिल्म भरलेली असेल तर तिच्या पाठीवर काळा थर असू शकतो. असा रोल नेहमीच्या सी-४१ (रंगीत रोल धुण्याच्या) मशीनमध्ये घातला तर लॅबचे रसायन खराब होते, म्हणून देताना सांगणे भाग आहे.

रंगीत रोल मुख्यतः कुरिअरने मोठ्या शहरांत धुवायला जातो. कृष्णधवल घरी धुणे अवघड नाही. डी-७६ या धुलाईच्या रसायनासाठी २० अंश तापमान धरतात. बेळगावला ‘गरिबांचे महाबळेश्वर’ म्हणतात ते इथे कामी येते, थंडीत पाणी थोडेसेच सावरावे लागते. एप्रिल-मेमध्ये रसायनाची बाटली बर्फाच्या पाण्यात उभी करावी लागते किंवा वेळ कमी करावा लागतो. पाच मिनिटांच्या खाली मात्र जाऊ नये, निगेटिव्हवर पट्टे उठतात.