२२ डिसेंबरचा मकर आणि १४ जानेवारीचा मकर

शाळेत भूगोलाच्या पेपरात उत्तरायण २२ डिसेंबरला सुरू होतं असं लिहिलं की मार्क मिळतात, आणि घरी त्याच पोराने १४ जानेवारी म्हटलं की तिळाची वडी मिळते. दोन्हीकडे कोणी त्याला चूक म्हणत नाही. मग कधीतरी त्याने विचारलंच की नक्की कधी, तर घरातली मोठी माणसं "अरे तेच ते, संक्रांत म्हणजेच उत्तरायण" म्हणून विषय मिटवतात, आमच्याकडे तरी तसाच मिटवला होता. आणि व्हॉट्सॲपवर दर संक्रांतीला सकाळी पतंगाच्या फोटोखाली "आजपासून सूर्याचे उत्तरायण सुरू" येतंच येतं, यंदा अमुक रंगाची साडी नेसू नका या फॉरवर्डच्या जोडीने.

तर ते "तेच ते" नाहीये. एकेकाळी होतं, पण त्याला आता सतराशेहून जास्त वर्षं झाली.

आधी उत्तरायण घेऊ कारण ते सोपं आहे. पृथ्वीचा आस साधारण २३.४ अंशांनी कललेला आहे, त्यामुळे वर्षभरात सूर्य उगवायची जागा पूर्व क्षितिजावर डावी-उजवीकडे सरकत असते. जून संपत आला की ती उजवीकडे म्हणजे दक्षिणेकडे सरकायला लागते, सरकत सरकत २१ किंवा २२ डिसेंबरला दक्षिण टोकाला पोचते, तिथे चार-पाच दिवस जवळपास थबकल्यासारखी वाटते आणि मग परत उत्तरेकडे निघते. हे परत निघणं म्हणजे उत्तरायण, शब्दातच आहे ते, उत्तरेकडे अयन. त्या दिवशी सूर्य दक्षिण गोलार्धात मकरवृत्तावर बरोबर डोक्यावर असतो आणि आपल्याकडे वर्षातला सगळ्यात लहान दिवस असतो. यात ताऱ्यांचा काही संबंध नाही हे लक्षात घ्या. उद्या आकाशातले सगळे तारे कोणी पुसून टाकले तरी उत्तरायण त्याच दिवशी होणार, कारण तो पृथ्वीच्या कलण्याचा हिशोब आहे, ऋतूंचा हिशोब आहे.

संक्रांतीचं मात्र तारे नसतील तर काहीच उरत नाही. सूर्य वर्षभर ज्या वाटेने ताऱ्यांमधून फिरल्यासारखा दिसतो ते क्रांतिवृत्त, त्याचे ३० अंशांचे १२ सारखे तुकडे केले की झाल्या राशी, आणि सूर्य एका तुकड्यातून दुसऱ्यात शिरला की ती संक्रांत. अशा वर्षात बारा संक्रांती होतात, सण म्हणून आपण साजरी करतो ती एकच, धनूतून मकरेत जाण्याची. दिवसा तारे दिसत नाहीत म्हणून हे डोळ्यांनी बघता येत नाही, गणित करूनच काढावं लागतं, आणि म्हणून कॅलेंडरमध्ये संक्रमणाची वेळ पार मिनिटापर्यंत छापलेली असते.

आता गोंधळ कुठे होतो बघा. भूगोलात २२ डिसेंबरला सूर्य "मकरवृत्तावर" असतो आणि पंचांगात १४ जानेवारीला सूर्य "मकर राशीत" जातो. मकर हा शब्द दोन्हीकडे आला की डोकं आपोआप दोन्हीची गाठ मारून टाकतं. मकरवृत्त ही पृथ्वीवरची रेघ आहे, ऑस्ट्रेलियातून, दक्षिण आफ्रिकेतून जाते. मकर रास ही आकाशातली जागा. रेघेला ते नाव पडलं कारण साधारण दोन हजार वर्षांपूर्वी, ज्या काळात ही नावं रुजली तेव्हा, सूर्य दक्षिण टोकाला असायचा त्याच वेळी तो मकरेत दिसायचा. आज तो त्या दिवशी धनु राशीत असतो. म्हणजे आज नाव ठेवायचं झालं तर त्याला धनुवृत्त म्हणावं लागेल, पण जगभरातले नकाशे आता कोण बदलणार.

मग मधल्या काळात सरकलं काय? तारे नाही सरकले (सरकतात, पण ते इथे धरण्याएवढं नाही), पृथ्वीचा आस सरकला. भोवरा जोरात फिरतो तेव्हा सरळ उभा असतो आणि दमायला लागला की त्याचं डोकं हळूहळू गोल डुलतं ना, तसा पृथ्वीचा आस डुलतोय, दमल्यामुळे नाही तर चंद्र आणि सूर्य ओढतात म्हणून. पृथ्वी पक्का गोल नाहीये, विषुववृत्तावर तिचं पोट सुटलंय, तिथला व्यास ध्रुवाकडच्या व्यासापेक्षा सुमारे ४३ किलोमीटरने जास्त आहे, आणि त्या सुटलेल्या पोटाला ही दोघं ओढत राहतात, त्यातून हे डुलणं. एक फेरी पूर्ण व्हायला सुमारे २५,८०० वर्षं लागतात, म्हणजे ७२ वर्षांत एक अंश. आपल्या आयुष्यात एखादा अंश सरकतो फक्त, पण ग्रीसच्या हिप्पार्कसने इसवीसनापूर्वी दुसऱ्या शतकात जुन्या नोंदींशी तुलना करून हे पकडलं होतं, आणि ते का होतं हे सांगायला न्यूटन उजाडला, १६८७ साल. याला आपल्याकडे संपातचलन किंवा अयनचलन म्हणतात.

आणि हे आपल्या लोकांच्या लक्षात आलंच नव्हतं असं कोणी म्हणालं तर ऐकू नका. वेदांग ज्योतिष या आपल्या फार जुन्या ग्रंथात उत्तरायण धनिष्ठा नक्षत्राच्या सुरुवातीला होतं असं दिलंय. सहाव्या शतकात ज्योतिषी वराहमिहिर लिहितो की जुन्या शास्त्रात धनिष्ठा सांगितलीय खरी, पण सध्या ते मकरेच्या सुरुवातीला होतंय, आणि फरक असेल तर प्रत्यक्ष बघून ठरवा. प्रत्यक्ष बघा म्हणतोय तो, आणि आपण त्याच्यानंतर दीड हजार वर्षांनी त्याच्या काळातलं वाक्य जसंच्या तसं फॉरवर्ड करतोय.

आज प्रचलित गणिताप्रमाणे हे दोन्ही दिवस इसवी सन २८५ च्या सुमारास एकत्र होते. तेव्हापासून फरक पडत पडत आता साधारण २४ अंशांचा झालाय. सूर्य रोज अंदाजे एक अंश चालतो, म्हणून २४ अंश म्हणजे २४ दिवस, आणि २१ डिसेंबरमध्ये २४ दिवस मिळवून बघा कुठे येता ते. या फरकाला अयनांश म्हणतात. जो हिशोब ऋतूंना धरून चालतो तो सायन, जो ताऱ्यांना धरून चालतो तो निरयन. पेपरातल्या राशीभविष्यात बऱ्याचदा २२ डिसेंबरपासूनच मकर रास देतात तेव्हा तिथे सायन पद्धत वापरलेली असते, आणि त्याच घरात भिंतीवरचं कॅलेंडर मकर १४ जानेवारीपासून देतं ते निरयन. भविष्य खरं का खोटं हा वेगळाच वाद, मी त्यात नाही पडत, पण निदान दोन मकर वेगळे आहेत एवढं तरी कळायला हवं.

यातूनच पुढची गोष्ट निघते ती म्हणजे संक्रांतीची तारीख पक्की नाही. आपल्याला वाटतं की बाकी सण मागेपुढे होतात आणि संक्रांत तेवढी १४ जानेवारीला ठाम. ताऱ्यांच्या हिशोबाचं वर्ष ऋतूंच्या वर्षापेक्षा सुमारे २० मिनिटांनी मोठं असतं आणि आपलं इंग्रजी कॅलेंडर ऋतूंना बांधलेलं आहे, त्यामुळे साधारण ७२ वर्षांत संक्रांत एक दिवस पुढे जाते. अलीकडे ती मधूनच १५ तारखेला येते ते त्यामुळेच, आणि पुढे १५ हीच नेहमीची होईल. मागे जाऊन बघा, स्वामी विवेकानंदांचा जन्म संक्रांतीचा, आणि तारीख १२ जानेवारी १८६३. आता पानिपत घ्या. १४ जानेवारी १७६१, आणि आपण सगळे लहानपणापासून ऐकतो की ऐन संक्रांतीच्या दिवशी मराठ्यांवर संक्रांत कोसळली. उलटा हिशोब करून बघितला मी, १७६१ साली संक्रांत येते १० जानेवारीच्या आसपास. म्हणजे लढाई झाली तेव्हा संक्रांत तीन-चार दिवसांपूर्वी होऊन गेली होती. वाक्य जोरदार आहे, सोडवत नाही, पण आजची तारीख १७६१ मध्ये नेऊन चिकटवल्याने ते तयार झालंय. आणि याच चालीने आणखी दहा हजार वर्षं गेली तर संक्रांत जूनच्या सुरुवातीला येईल, तिळगूळ द्यायला छत्री घेऊन जायचं आणि पतंगाचं तर विचारूच नका.

एवढं सगळं सांगितल्यावर कोणीतरी म्हणतंच, "पण दिवस संक्रांतीपासूनच मोठा व्हायला लागतो, आम्ही बघतो ना रोज, तिळातिळाने वाढतो." यावर मी आधी हसायचो, पण आता हसत नाही, कारण त्यात डोळ्यांची एक खरी गोष्ट आहे. पुण्यात दिवस २२ डिसेंबरनंतर वाढतोच, संक्रांतीपर्यंत सहा-एक मिनिटांनी वाढलेलाही असतो. पण सूर्योदय मात्र तोपर्यंत लवकर व्हायला लागलेला नसतो, उलट तो जानेवारीच्या मध्यापर्यंत रोज थोडा थोडा उशिराच होत जातो! वाढलेली सगळी मिनिटं संध्याकाळच्या खात्यात जमा होतात. कारण असं की जानेवारीच्या सुरुवातीला पृथ्वी सूर्याच्या सगळ्यात जवळ असते म्हणून भरभर पळते, शिवाय डिसेंबरच्या टोकाला सूर्याची ताऱ्यांमधली चाल सगळीच्या सगळी पूर्वेकडे असते, उत्तर-दक्षिण काही नाही, आणि या दोन्हींमुळे घड्याळाच्या मानाने सूर्य रोज काही सेकंद उशिरा माथ्यावर येतो. आपल्या अक्षांशावर दिवसाची वाढ इतकी बारीक असते की ही सेकंदं तिला खाऊन टाकतात. लंडनला राहणाऱ्या मराठी माणसाला हे जाणवायचं नाही, तिथे सकाळ नव्या वर्षाच्या सुमारासच उलटायला लागते. पण पहाटे उठून बंबात जाळ घालणाऱ्या आपल्या आज्यांना सकाळ वळताना दिसायची ती संक्रांतीच्या सुमारालाच, त्यामुळे त्यांचं निरीक्षण चुकीचं नव्हतं, फक्त त्याला उत्तरायण नाव दिलं तिथे घोटाळा झाला. अर्थात या योगायोगालाही मुदत आहे, संक्रांत सरकत राहिली की तोही सुटणार.

अजून एक गुंता आहे तो थोडक्यात सांगतो. ताऱ्यांपासून मोजायचं ठरलं तरी कुठल्या ताऱ्यापासून? चित्रा ताऱ्याच्या बरोबर समोरचा बिंदू धरणारे एक, त्यात पंचांगाचे अभ्यासक व्यंकटेश बापूजी केतकर होते, आणि रेवतीतला एक मंद तारा धरणारे दुसरे, तो टिळकांचा पक्ष. दोन्हींत चार अंशांच्या आसपास फरक पडतो, म्हणून टिळक पंचांग मानणाऱ्या घरांत संक्रांत १० जानेवारीला असते आणि कधीकधी अधिक महिनाही वेगळा पडून गणपती शेजाऱ्यांच्या एक महिना आधी बसतात. शंकर बाळकृष्ण दीक्षितांसारखे काही जण तर सायनच धरा, सण ऋतूंना बांधा या मताचे होते. आणि आजच्या खगोलशास्त्रज्ञांना विचारलं तर ते तिसरंच सांगतील, त्यांनी १९३० मध्ये तारकासमूहांच्या हद्दी आखल्या त्या सारख्या ३० अंशांच्या नाहीत, त्यांच्या मकरेत सूर्य शिरतो २० जानेवारीच्या सुमारास.

१९५२ साली शास्त्रज्ञ मेघनाद साहांच्या अध्यक्षतेखाली पंचांग सुधारायला समिती नेमली, १९५७ पासून आपलं राष्ट्रीय कॅलेंडर लागू झालं, आणि ते सायन आहे. त्यात पौष महिन्याची १ तारीख येते २२ डिसेंबरला, अगदी उत्तरायणावर. रेडिओच्या बातम्यांच्या सुरुवातीला ती तारीख सांगतात, पण सणाला कोण धरतंय ती. सणांसाठी समितीने चित्रेचा हिशोब ठेवला, तोच बहुतेक कॅलेंडरांत छापतात.

खात्री करायची असेल तर पूर्वेकडची गॅलरी किंवा गच्ची पुरते. २१ डिसेंबरला सूर्य समोरच्या कुठल्या टाकीच्या, कुठल्या नारळाच्या आड उगवतो ते बघा आणि जिथे उभे आहात तिथे खडूने खूण करून ठेवा. मग भोगीच्या किंवा संक्रांतीच्या सकाळी त्याच खुणेवर उभं राहून परत बघा. तोवर तो साधारण चार सूर्यबिंबं मावतील एवढा डावीकडे, उत्तरेला सरकलेला असतो.