मुलगे उशिराच बोलतात?

“मुलगाच तो, उशिराच बोलणार. याचा बाप तरी कुठे लवकर बोलला!” ठाण्यात नौपाड्यापासून घोडबंदरपर्यंत घरोघरी हे ऐकू येतं. मुलगे बोलण्यात जरा मागे असतात, खरं. पण फरक महिना-दोन महिन्यांचा, वर्षांचा नव्हे.

शिवाय नुसते शब्द मोजून भागत नाही. तलावपाळीवर होडी दिसली की दीड वर्षाचं मूल बोट दाखवतं, लगेच वळून आईकडे बघतं. तसं होत नसेल, हाकेला वळत नसेल, पाणी हवं म्हणून आईचा हात धरून माठाकडे नेत असेल, तर कानांची तपासणी आणि विकासात्मक बालरोगतज्ज्ञ (मुलांचा विकास तपासणारे डॉक्टर), दोन्ही लगेच. ही ऑटिझमची (स्वमग्नतेची) लक्षणं असू शकतात. त्याचं निदान 2 वर्षांच्या आसपासही होऊ शकतं, आणि स्पीच थेरपी निदानाच्या कागदासाठी अडत नाही. आजी रागावणार असतील तर “कान दाखवून येतो” म्हणून निघा.