अल्झायमरच्या मेंदूतील जैविक खुणा

अल्झायमर या आजारात मेंदूत घडणारे आणि तपासणीतून मोजता येणारे बदल. यात बीटा-अमायलॉइड आणि टाऊ ही दोन प्रथिने मुख्य. पहिली लक्षणे दिसण्याच्या पंधरा-वीस वर्षे आधीच हे बदल सुरू झालेले असतात. ‘साठी बुद्धी नाठी’ म्हणून घरोघरी सोडून दिला जाणारा विसर कित्येकदा निव्वळ वयाचा नसतो, आजाराचा असतो.

१९०६ मध्ये जर्मन डॉक्टर आलोइस अल्झायमर यांनी ऑगस्टे डेटर या रुग्णेच्या मेंदूचे काप, तिच्या मृत्यूनंतर, चांदीच्या क्षाराने रंगवून पाहिले. पेशींबाहेर चकत्या साचल्या होत्या, पेशींच्या आत तंतूंचे गुंते झाले होते. चकत्या अमायलॉइडच्या. त्याच्या मूळ प्रथिनाचे जनुक २१ व्या गुणसूत्रावर असते. डाऊन सिंड्रोममध्ये हे गुणसूत्र एक जादा असल्याने चाळिशीपर्यंत चकत्या दिसू लागतात.

गुंते टाऊचे. चेतातंतूतील सूक्ष्म नलिका सांभाळणे हे त्याचे काम. टाऊवर फॉस्फेट प्रमाणाबाहेर चढले की टाऊ नलिकांवरून सुटते आणि आपसांत गुंतते. सुरुवात होते हिप्पोकॅम्पस या स्मृतीशी निगडित मेंदूभागाच्या लगत, जिथे नव्या आठवणी आणि वाटा नोंदल्या जातात. म्हणूनच पंचवटीतल्या आजोबांना १९६९ चा गोदेचा महापूर बारकाव्यांसह सांगता येतो, पण रामकुंडावरून घरी यायची गल्ली सापडत नाही. ब्राक या संशोधक दांपत्याने १९९१ मध्ये या पसरण्याचे सहा टप्पे मांडले. गोदेच्या पात्रातील दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला पाणी कुठवर लागले यावरून नाशिककर पूर जोखतात, तसा टाऊ कुठवर पोचला यावरून आजार जोखता येतो. अमायलॉइडवरून तो इतका नेमका कळत नाही.

जिवंतपणी या खुणा तीन मार्गांनी दिसतात. पाठीच्या मणक्यातून काढलेल्या द्रवात अमायलॉइड-४२ हा बीटा-अमायलॉइडचा प्रकार घटतो आणि टाऊ वाढते. पेट स्कॅन या प्रतिमा-तपासणीत शरीरात सोडलेले किरणोत्सारी द्रव्य चकत्यांना चिकटते. त्यातील फ्लोरिन-१८ दर ११० मिनिटांनी निम्मे होते, त्यामुळे मुंबईत बनलेला डोस कसारा घाट चढून नाशिकला येईपर्यंत बराचसा विरतो. कार्बन-११ तर २० मिनिटांतच निम्मा, तो वापरायचा तर सायक्लोट्रॉन, म्हणजे तो बनवणारे यंत्र, जवळच हवे. मोठ्या शहरांबाहेर खरी आशा आहे ती तिसऱ्या मार्गाची, रक्ततपासणीची. पी-टाऊ २१७ (फॉस्फेट चढलेला टाऊ) आणि अमायलॉइड-४२ यांच्या गुणोत्तरावर आधारलेल्या चाचणीला अमेरिकेत २०२५ मध्ये मान्यता मिळाली.

तरीही सुरुवात साध्या तपासण्यांनीच व्हावी : बी-१२, थायरॉईड, एमआरआय. बी-१२ या जीवनसत्त्वाच्या कमतरतेने आलेला विसर वेळीच उपचार केल्यास सुधारू शकतो. धडधाकट माणसाने मात्र निव्वळ धास्तीपोटी अमायलॉइड तपासू नये, कारण चकत्या असूनही अनेक वृद्धांची स्मृती अखेरपर्यंत शाबूत राहते.

अमायलॉइड हटवणारी लेकानेमॅब (२०२३) आणि डोनानेमॅब (२०२४) ही औषधे अमेरिकेत मान्य झाली आहेत. ती ऱ्हासाचा वेग काहीसा कमी करतात, थांबवत नाहीत. मेंदूला सूज किंवा बारीक रक्तस्राव होण्याचा धोका असल्याने उपचारादरम्यान एमआरआय पुन्हापुन्हा करावा लागतो.